मदत हवी आहे: ग्रीक देवांच्या गोष्टी झाल्या, आता धर्म कसा शिकवू?

भाची सातवीत आहे, झ्यूस, अथेना, हर्क्युलिस सगळे तोंडपाठ, पण तिच्या लेखी ते सुपरहिरोच, लोक खरंच यांची पूजा करायचे हे पोचतच नाहीये. वंशावळीचा तक्ता झाला, पार्थेनॉनचे (अथेन्समधलं अथेनाचं देऊळ) फोटो दाखवले तर म्हणे छान बिल्डिंग आहे. चालली ती एकच गोष्ट, प्रोमिथियसने झ्यूसला फसवून चरबीत झाकलेली हाडं निवडायला लावली ती, आणि म्हणून बळी दिल्यावर हाडं-चरबी देवासाठी जाळायचे अन् मांस माणसं खायची, हे ऐकून एकदम सरसावून बसली (झ्यूसची लफडी मात्र सध्या टाळतेय).

तर अशाच जोड्या हव्यात, कथा आणि तिच्याशी बांधलेला खरा विधी. धान्यदेवता डिमीटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांची कथा आणि एल्युसिस (अथेन्सजवळचं गाव, तिथे या दोघींचे विधी व्हायचे) डोक्यात आहे, पण कथेत मुलीचं अपहरण आणि मुख्य विधी तर गुप्त, मग दाखवायचं काय? शनिवारी तासभर मिळतो, इंग्रजी चांगलं वाचते, परीक्षा वगैरे नाही. आपल्या देवांशी तुलना ती स्वतःच करते, ते नका सुचवू. एल्युसिस या वयाला कसं शिकवाल, की आधी अथेनाला नवं विणलेलं वस्त्र अर्पण करायचे तो अथेन्सचा पॅनाथेनाइया सण घेऊ?