बोअरच्या पाण्यात नायट्रेट: बातमीतला आकडा घरच्या हंड्याला कसा लावायचा?

लेक_राजारामपुरी
नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. पुढच्या आठवड्यात माहेरी, शिरोळ तालुक्यात, दोन महिने राहायला जायचंय. अंगणातच बोअर आहे, चारी बाजूंनी ऊस. अंगावरचं दूध कमी पडतं म्हणून बाळाला दिवसातून तीनदा डब्याचं दूध देते, ते पाण्यात कालवावं लागतं.

काल नणंदेनं कात्रण पाठवलं: भूजलात नायट्रेट, देशातले 20 टक्के नमुने नापास, तान्ह्या मुलांना धोका, कॅन्सर. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भाऊ म्हणतो, आपण याच पाण्यावर वाढलो, मीटर लावून बघितलंय, टीडीएस 640 आहे, आणि गावाला हिरवं कार्ड आहे. आई म्हणते, वीस मिनिटं खळखळून उकळू. मी काय धरू?

उसाचं_रान
ताई, मी बी शिरोळ तालुक्यातलाच. आमची क्षारपड रानं तुम्ही बघितलीच असतील, पाणी खारट लागतंय ते त्यामुळं. नायट्रेटला मात्र चव न्हाई, वास न्हाई. आमची विहीर गोठ्याच्या खालच्या अंगाला, उकिरडा पंधरा फुटांवर. तपासलं तवा कळालं. उसाला युरियाची पोती पडत्यात, वर पाटपाणी सोडतोय. पिकानं घेतलं तेवढं घेतलं, उरलेलं पाण्यासंगं खाली उतरतंय. बोअरच्या आसपास गोठा, शोषखड्डा, संडासची टाकी काय हाय ते आधी बघा.

दसरा_चौक_77
जार मागवा, विषय संपला.

नमुना_बाटली
लेकी, मी तीसेक वर्षं प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले, आता निवृत्त आहे. तुझी काळजी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडं पाण्याची बातमी म्हटली की पंचगंगेत तरंगणाऱ्या माशांचा फोटो डोळ्यांसमोर येतो. मासे मरतात ते बहुतेक वेळा मळी आणि सांडपाण्यामुळं पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती विषाणूची. तुझ्या हातातली बातमी या दोन्हींहून वेगळी, आणि तिच्यावरचा उपायही वेगळा.

ते 20 टक्के केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालातले. देशभरातल्या विहिरी-बोअरचे नमुने घेतले, त्यातल्या साधारण पाचातल्या एकात नायट्रेट 45 च्या वर निघालं. राजारामपुरीत तुझ्या नळाला येणारं पाणी नदी-धरणाचं, शुद्ध करून सोडलेलं. तो आकडा त्याचा नव्हे. तुझ्या भावाच्या बोअरचाही नव्हे. एकाच बांधावरच्या दोन बोअरचे आकडे वेगळे आलेले मी स्वतः बघितलेत. तेव्हा बातमीचा उपयोग एवढाच, की आपलं पाणी तपासायची बुद्धी झाली.

45 म्हणजे लिटरला 45 मिलिग्राम, ही भारतीय मानकातली मर्यादा. ती तान्ह्या बाळांचा विचार करूनच ठरलेली आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि त्यानं रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. ओठ, नखं निळसर दिसली तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा. तुझ्या अंगावरच्या दुधातून मात्र ते बाळाला त्रास होण्याइतकं उतरत नाही, ते बिनधास्त पाज. कॅन्सरचा प्रश्न वर्षानुवर्षं पिण्याशी जोडलेला आहे, त्यावर अभ्यास चालूच आहे. पण आज रात्री तू ज्यासाठी जागलीस ते बाटलीतलं दूध आहे.

आईला सांग, उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं. दोन लिटरचं दीड लिटर झालं की 60 चं 80 होतं. भावाचं मीटर एकूण क्षार दाखवतं, त्यात नायट्रेट किती हे नाही. हिरवं कार्ड पाण्याच्या ठिकाणची स्वच्छता आणि क्लोरिनची व्यवस्था बघून मिळतं. गावासाठी ते फार मोलाचं आहे, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. कँडलचा फिल्टर आणि यूव्हीनंही नायट्रेट जात नाही. आरओनं कमी होतं, पण आत जाणारं आणि बाहेर येणारं, दोन्ही पाणी तपासून घ्यायचं. जारचंही तेच, तपासल्याशिवाय बाळाला नको.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याला प्रयोगशाळा आहे. बोअर पाच-सात मिनिटं चालू ठेवून मग स्वच्छ बाटली भरा, त्याच पाण्यानं आधी तीनदा विसळा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक लागते, ती तिथूनच आणायची आणि विसळायची नाही.

लेक_राजारामपुरी
काकू, भावानं घाईनं एका खासगी लॅबमध्ये दिलं होतं, आज कागद आला. 14! हातपाय गळाले होते, आता जीव भांड्यात पडला. 45 च्या खूप खाली आहे ना?

नमुना_बाटली
थांब. कागदावर 14 च्या ओळीत नेमकं काय लिहिलंय, अक्षर न् अक्षर सांग.

लेक_राजारामपुरी
"नायट्रेट, नायट्रोजनच्या रूपात."

नमुना_बाटली
मग हा आकडा फक्त त्यातल्या नायट्रोजनचा आहे. 45 शी ताडून बघायला त्याला 4.43 नं गुणायचं. 14 चे झाले 62. लॅबनं चुकीचं लिहिलेलं नाही, पण कागद हातात घेणाऱ्या माणसाला हे सांगायला हवं होतं. माझ्यासमोर दोन-तीन घरं अशीच फसलीत, म्हणून विचारलं.

हे पाणी बाळाच्या दुधात नको. भांडी, धुणं, अंघोळ खुशाल करा, कातडीतून ते जात नाही. गावात नदीवरची नळयोजना आहे का?

लेक_राजारामपुरी
आहे, पण बोअर दारात म्हणून आमच्याकडं कुणी नळाचं पीत नाही. भाऊ आत्ता ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं जाऊन आला. त्यांच्याकडं तपासणीची पेटी आहे, नळाच्या पाण्याचा रंग 10 च्या खुणेपर्यंतही गेला नाही म्हणे. मी लगेच विचारलं, नायट्रेट की नायट्रोजन? पेटीवरच्या पट्टीवर नायट्रेट लिहिलंय, फोटो पाठवलाय.

नमुना_बाटली
शाब्बास. तेच पाणी घे, ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का ते बघायची तपासणी, रोज होते का विचार, आणि बाळासाठी एक उकळी आणून झाकून ठेव. इथं उकळायचं ते जंतूंसाठी. त्याच नळाचा एक नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतही जाऊ दे, पेटीवर अंदाज कळतो, नक्की आकडा तिथं मिळेल.

उसाचं_रान
ताई, भावाला म्हणावं पाऊस झाल्यावर बोअर परत तपासा. आमचं पावसाळ्यानंतर वाढलं होतं. आणि उकिरडा हलवा. आम्ही हलवलाय.

लेक_राजारामपुरी
गोठा बोअरपासून वीस पावलांवर आहे, आत्ता मोजायला लावलं. आईनं नळाखाली वेगळी कळशी ठेवलीय, बाळाची म्हणून.