चांदी खरी म्हणून मेडल खरं? नाही

वर कोणीतरी लिहिलंय की सोनाराकडे चांदी खरी निघाली म्हणजे १९१४-१८ चं, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना मिळालेलं ब्रिटिश वॉर मेडल ओरिजिनल, पण तेवढ्यावर जाऊ नका. जुन्या बाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन, आधी कडा बघा, तिथे सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. खरी लबाडी इथेच होते, मेडल अस्सलच पण साधं नाव घासून ११७ मराठाज वगैरे टाकतात, मेसोपोटेमियात लढलेली पलटण ना, भाव वाढतो. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा, व्यास ३६ मिमी हवा, उभा-आडवा फरक आला तर कड कानशीने घासलीये समजा. एखाद्या जवानाचं नाव असं पुसलेलं बघून फार वाईट वाटतं हो. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या स्टार्सवर (चांदणीच्या आकाराच्या मेडलांवर) सरकारकडून नाव ठोकलेलं नसायचंच, म्हणून कोरं दिसलं की लगेच नकली म्हणू नका.