ऑनलाइन मायक्रोनेशन: आल्या आल्या नागरिकत्व द्यावं की थांबवून?

नकाशेवाला (धागाकर्ता)

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर चालणारं, दहा-पंधरा नागरिकांचं मायक्रोनेशन (हौसेने काढलेलं, कोणत्याही देशाची मान्यता नसलेलं छोटं राष्ट्र) वाढवायचं असेल तर नव्या माणसाला नागरिकत्व किती लवकर द्यावं, यावर मतं हवी आहेत. माझं आधी सांगतो. भेट द्यायला, वाचायला, बोलायला दार सताड उघडं ठेवा. नागरिकत्व मात्र महिन्याभराने आणि एखादं काम पार पडल्यावरच द्या.

मुख्य कारण गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी. १२ नागरिकांच्या संसदेत निम्म्यांची गणपूर्ती म्हणजे ६ जण. 'फॉर्म भरला की नागरिक' या धोरणाने महिन्यात २० जण घेतले आणि त्यातले १७ पुन्हा फिरकले नाहीत, तर यादीवर ३२ नागरिक, गणपूर्ती १६ आणि जागे फक्त १५. राज्यघटना बदलायला दोन तृतीयांश लागत असतील तर हवेत २२. म्हणजे गणपूर्तीचा नियम सैल करायलाही पुरेशी माणसं जमत नाहीत. बरीच छोटी मायक्रोनेशन्स भांडणाने मोडण्याआधी अशीच जागच्या जागी गोठतात.

मोठ्या प्रमाणावर हेच अस्गार्डियात दिसलं. इगॉर अशुरबेयली या रशियन उद्योजकाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे 'अंतराळ राष्ट्र' जाहीर केलं आणि पहिल्या ४० तासांत लाखभर लोकांनी नावं नोंदवली. पुढे रहिवासी होण्यासाठी वर्षाला १०० युरो शुल्क आलं, तेव्हा नाव नोंदवणारे किती आणि राहणारे किती हे उघड झालं.

मी सुचवतो ती रचना तीन पायऱ्यांची आहे. पाहुण्याला सगळं वाचता येतं, दोन-तीन चॅनलवर लिहिता येतं. रहिवासी फॉर्म भरतो, संसदेत बोलतो, पण त्याला मत नसतं. ३० दिवस, एका जुन्या नागरिकाची शिफारस आणि एक पूर्ण केलेलं काम, एवढं झालं की नागरिक. काम आठवड्यात संपेल इतकंच द्यावं: एका तालुक्याचा नकाशा, एका कायद्याचं भाषांतर, टपाल तिकिटाचा एक आराखडा, राजपत्राच्या अंकाचं मुद्रितशोधन. 'आपल्याला काय करायला आवडेल?' असं मोघम विचारलं की उत्तर येत नाही.

---

उंबरठा

पूर्ण असहमत. ३० दिवस थांबण्याइतकी उत्सुकता या छंदात कुणाचीच टिकत नाही. फॉर्म भरल्यावर दोन-तीन दिवसांत काही घडलं नाही तर माणूस गेला समजा. आणि जातो कुठे? स्वतःचं राष्ट्र काढायला. झेंडा, घटना आणि सर्व्हर (डिस्कॉर्डवरची राष्ट्राची स्वतःची जागा) एका दुपारी तयार होतात. त्यामुळे तुमच्याकडे आलेला प्रत्येक जण उद्याचा संस्थापक असतो. तिथे राजा व्हायला मिळत असताना तुमच्याकडे महिनाभर बिनमताचा रहिवासी म्हणून का राहील?

लाडोनियाचं उदाहरण घ्या. स्वीडनच्या कुल्लाबेर्ग भागात लार्स विल्क्स या शिल्पकाराने वाहून आलेल्या लाकडांची शिल्पं उभारली, त्यावरून प्रशासनाशी वाद झाला आणि १९९६ मध्ये त्यांनी लाडोनिया जाहीर केलं. नागरिकत्वाला पैसे पडत नाहीत, अर्ज ऑनलाइन. सरदारकीची पदवी हवी असेल तर थोडे पैसे लागतात. कर पैशांत नाही, सर्जनशीलतेत भरायचा. विल्क्स २०२१ मध्ये गेले, तरी लाडोनिया चालू आहे. तिथे निष्क्रिय नागरिकाने काहीही अडत नाही, कारण कारभार त्याच्या हजेरीवर उभाच केलेला नाही.

तुमची गणपूर्तीची अडचण खरी आहे, पण औषध चुकतंय. गणपूर्ती एकूण नागरिकांवर न मोजता मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांवर मोजा. मागच्या वेळी ९ मतं पडली तर गणपूर्ती ५. यादी ३२ ची असो की ३०० ची. घटनेत एक कलम बदललं की महिन्याची अट ठेवायचं कारणच उरत नाही.

---

कलमबहाद्दर

दोघांनीही निवडणुकीचा मुद्दा सोडलाय, आणि राष्ट्रं बुडतात ती तिथेच.

उंबरठा, तुमच्या पद्धतीत ९ मतं पडणाऱ्या राष्ट्रात एखाद्याने मतदानाच्या आदल्या दिवशी आपल्या दुसऱ्या सर्व्हरवरून दहा मित्र आणले तर सरकार त्याचं. शिवाय दहा मित्र खरेच दहा आहेत की एकाचीच दहा खाती, हे डिस्कॉर्डवर खात्रीने कळायला मार्ग नाही. खातं कधी उघडलं ती तारीख दिसते. तीन दिवसांपूर्वीची पाच खाती एकाच संध्याकाळी आली तर शंका घ्यायला जागा आहे, त्यापलीकडे पुरावा मिळत नाही.

उपाय सोपा आहे. नागरिकत्व पहिल्या दिवशी द्या, मतदार यादी मात्र निवडणुकीच्या ३० दिवस आधी बंद करा. त्यानंतर आलेला माणूस त्या निवडणुकीपुरता मत देत नाही, बाकी सगळे हक्क त्याला आहेत. घटनादुरुस्तीवरच्या मतासाठी ९० दिवस ठेवा. ही मुदत घटनेत लिहा, साध्या कायद्यात नको. साधा कायदा तेच दहा मित्र पहिल्या बैठकीत बदलतील.

दुसरं टोकही बघा. अमेरिकेतल्या नेवाडातलं मोलोसिया हे मायक्रोनेशन बाहेरच्या कुणालाच नागरिकत्व देत नाही, फक्त तिथे राहणाऱ्यांना देतं. भरतीचा प्रश्नच मिटला. पण त्यांच्याकडे जमीन आहे, बघायला येणारे पर्यटक आहेत. निव्वळ ऑनलाइन राष्ट्राला हा मार्ग नाही.

---

नकाशेवाला

मतदार यादी बंद करण्याशी सहमत, ते कलम हवंच. पण मूळ मुद्दा हलत नाही. उंबरठा, पडलेल्या मतांवर गणपूर्ती ठेवली तर प्रत्येक निवडणुकीत मतं घटतात तशी गणपूर्तीही खाली सरकते. मतं ९ ची ७, ७ ची ५ झाली की गणपूर्ती ५ ची ४, ४ ची ३. शेवटी तीन माणसं घटना बदलतात आणि उरलेल्यांना राजपत्रातून कळतं. किमान आकडा घालावाच लागेल, निदान ५.

टालोसा या मायक्रोनेशनकडे पाहा. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत १४ वर्षांच्या रॉबर्ट बेन मॅडिसनने ते सुरू केलं, १९९० च्या दशकात ते वेबवर आलं आणि तिथून अनोळखी लोक येऊ लागले. २००४ मध्ये एक गट फुटून त्याने वेगळं प्रजासत्ताक काढलं, २०१२ मध्ये दोन्ही पुन्हा एकत्र आले. फूट पडून पुन्हा जुळणं ऑनलाइन राष्ट्रांत फार दुर्मिळ आहे. तिथे येणाऱ्याला आधी ओळख करून द्यावी लागते, लोक त्याला प्रश्न विचारतात, मग नागरिकत्व. त्यांची स्वतःची भाषा आहे, प्रांत आहेत, पक्ष आहेत. आत शिरायला वेळ लागतो म्हणूनच आत शिरलेल्याला ते आपलं वाटतं, असं माझं ठाम मत आहे.

---

उंबरठा

टालोसात माणसं टिकली ती भाषा, प्रांत आणि पक्षांमुळे. तिथे दुसऱ्या माणसाशिवाय न होणारं काहीतरी रोज चालू असतं. वाट पाहायला लावण्याचं श्रेय त्यात कशाला? वाट पाहायला लावून आत काहीच चालू नसेल तर ती रिकामी खोलीच.

---

तिकीटघर

थांबवावं की नाही हा वाद चालू द्या, पण माणूस फॉर्मपर्यंत पोचतो तरी का ते तपासा. बहुतेक छोट्या राष्ट्रांत गळती त्याच्या आधीच असते.

एक, निमंत्रणाची लिंक. डिस्कॉर्डवर बनवलेली लिंक मूळ सेटिंगमध्ये ७ दिवसांनी बाद होते. ती संकेतस्थळावर चिकटवली की आठव्या दिवसापासून दार बंद, आणि आतल्या कुणालाच पत्ता नसतो, कारण आतल्यांना लिंक लागत नाही. 'कधीही बाद होऊ नये' हा पर्याय निवडा आणि महिन्यातून एकदा लॉगआउट करून लिंक उघडून पाहा. दुसरं, चित्रं. झेंडा, राजमुद्रा, नकाशा डिस्कॉर्डवर टाकून त्याचीच लिंक संकेतस्थळावर वापरली तर चित्र दिसेनासं होतं. डिस्कॉर्डवरच्या फाइलच्या लिंका बाहेर साधारण दिवसभरच चालतात. चित्रं स्वतःच्या जागेवर ठेवा. तिसरं म्हणजे तारीख. नवा माणूस घटना वाचत नाही, शेवटचं राजपत्र कधीचं आहे ते बघतो. ते वर्षापूर्वीचं असेल तर तो खिडकी बंद करतो. दर पंधरवड्याला चार ओळींचा का होईना, अंक काढा.

भरती कुठे करावी? इतर मायक्रोनेशन्सच्या सर्व्हरवर अजिबात नको. तिथून येतात ते पाच ठिकाणी मंत्री असलेले आणि कुठेच हजर नसलेले लोक, शिवाय यजमान राष्ट्राशी संबंध बिघडतात ते वेगळंच. फॉर्ममध्ये 'सध्या कुठे कोणतं पद आहे?' हा प्रश्न याचसाठी ठेवा. नकाशे काढणारे, झेंड्यांचे अभ्यासक, कृत्रिम भाषा रचणारे, तिकीट-नाणी जमवणारे यांच्यात जा. त्यांना राष्ट्र नको असतं, काम दाखवायला जागा हवी असते, आणि ती तुमच्याकडे आहे. जाहिरातीत 'नागरिक हवेत' असं लिहू नका. 'चार प्रांतांच्या झेंड्यांची स्पर्धा, शेवटची तारीख अमुक' असं लिहा.

आत आल्यावरचं स्वागत बॉटवर (आपोआप संदेश टाकणाऱ्या प्रोग्रॅमवर) सोडू नये. २४ तासांच्या आत एका माणसाने त्याच्या फॉर्ममधली एक गोष्ट धरून, एका ओळीत उत्तर देता येईल असं विचारावं. उदा. 'नमस्कार, तुम्ही नाण्यांबद्दल लिहिलंय. आपल्या टाकसाळीचे दोन आराखडे पडून आहेत, त्यातला कोणता बरा वाटतो?' बस. चाळीस पानी घटना, बारा मंत्र्यांची यादी, नियमांची पाटी हे सगळं पहिल्याच दिवशी समोर टाकलं की माणूस उत्तर द्यायचं पुढे ढकलतो आणि मग राहूनच जातं. मंत्रिपदही लगेच देऊ नका. दहा माणसांत सात मंत्री झाले की आठव्याला करायला काही उरत नाही.

---

साक्षीदार

एवढ्या चर्चेत सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. येणाऱ्याला हे राष्ट्र काय *नाही* ते फॉर्मच्या पहिल्या ओळीत सांगा.

उंबरठा यांनी लाडोनियाचं कौतुक केलं, त्याची दुसरी बाजू अशी की २००२ च्या सुमारास सुमारे तीन हजार पाकिस्तानी लोकांनी तिथे खरंच स्थलांतर करता येईल असं समजून अर्ज केले होते. स्लोव्हेनियातल्या कलाकारांच्या एनएसके राष्ट्राने १९९० च्या दशकापासून पासपोर्ट काढले. पुढे नायजेरियातून त्यासाठी इतके अर्ज येऊ लागले की २०१० मध्ये त्या कलाकारांना लागोसला जाऊन अर्जदारांना समजावावं लागलं की हा पासपोर्ट प्रवासाला चालत नाही. इंग्लंडजवळच्या समुद्रातलं सीलँड हे मायक्रोनेशन, त्याच्या नावाचे बनावट पासपोर्ट इतके फिरले की १९९७ मध्ये ते चालवणाऱ्या बेट्स कुटुंबाने सगळेच पासपोर्ट रद्द केले. अडचणीतला माणूस कलाप्रकल्प आणि सरकार यांत फरक करायला थांबत नाही, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

तेव्हा पहिली ओळ अशी: 'हे नागरिकत्व कोणत्याही देशाचा व्हिसा, निवास, नोकरी किंवा ओळखपत्र मिळवून देत नाही.' ती मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जिथून अर्ज येतात त्या भाषेत ठेवा. 'पासपोर्ट' हा शब्द टाळा, 'नागरिक पुस्तिका' म्हणा.

दुसरी गोष्ट माहितीची. आधार, पॅन, पत्ता, फोन, जन्मतारीख, यातलं काहीही मागू नका. टोपणनाव, कोणत्या वेळेला जागे असता आणि '१८ वर्षं पूर्ण आहेत का?' एवढं पुरे. या छंदात शाळकरी मुलं बरीच असतात. डिस्कॉर्ड १३ व्या वर्षापासून चालतं, पण आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. 'आम्ही तर हौस म्हणून चालवतो' या सबबीवर विसंबू नका. शिवाय प्रौढ नागरिकाने अल्पवयीन नवागताशी खाजगी संदेशात स्वागत-संभाषण करू नये. तिकीटघर यांचा एका ओळीचा प्रश्न सगळ्यांना दिसेल अशा चॅनलवरच विचारावा.

---

तिकीटघर

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य, स्वागत उघड्यावरच हवं.

---

पश्चिमवारा

मराठीत चालणाऱ्या राष्ट्रांसाठी एक व्यावहारिक भर. माणसं पुणे, पणजी, लंडन आणि कॅलिफोर्निया अशी विखुरलेली असतील तर बैठक रविवारी भारतीय वेळेने रात्री ८:३० ला ठेवा. लंडनमध्ये दुपार असते, कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे ८, हिवाळ्यात ७. कॅलिफोर्नियातली घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये, लंडनमधली मार्च आणि ऑक्टोबरमध्ये बदलतात, त्या आठवड्यांत नवी माणसं हमखास चुकतात, म्हणून आदल्या दिवशी आठवण द्या. युरोप-अमेरिकेच्या सोयीने २०:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेने) ठेवलेली बैठक इथे मध्यरात्री १:३० ला पडते. मग भारतातला नवा सदस्य निष्क्रिय दिसतो, आणि नकाशेवाला यांच्या ३० दिवसांच्या अटीत तोच नापास होतो.

---

नकाशेवाला

म्हणूनच अट कामाची आहे, हजेरीची नाही. नकाशा रात्री दोनलाही काढता येतो आणि दुपारी दोनलाही. उंबरठा यांच्यासाठी मी एवढं बदलायला तयार आहे: ३० दिवसांची मुदत १४ वर आणतो, आणि काम आधीच पूर्ण झालं तर त्याच दिवशी नागरिकत्व.

---

उंबरठा

मग शिफारसही काढा. आलेल्या माणसाला आत कुणी ओळखत नसतं, तो शिफारस कुठून आणणार? शेवटी जुन्यांचे मित्रच आत येतात. काम दिसतंय ना सगळ्यांना, तेवढं पुरे.

---

नकाशेवाला

शिफारस राहू दे असं माझं मत. काम करताना निदान एका माणसाशी बोलणं व्हावं एवढाच तिचा हेतू आहे.

---

कलमबहाद्दर

शिफारस ठेवणार असाल तर ती देण्याची जबाबदारी एका पदावर टाका, म्हणजे नव्या माणसाला दारोदार फिरावं लागणार नाही. आगमन मंत्री म्हणा, काहीही म्हणा. त्याने अर्जाला ७ दिवसांत हो किंवा कारणासह नाही असं उत्तर द्यायचं. उत्तर नाही दिलं तर अर्ज मंजूर. ही शेवटची तरतूद नसेल तर मंत्री परीक्षेत अडकला की महिनाभर सगळं थांबतं.

जाणाऱ्यांची सोयही त्याच कायद्यात करा. सहा महिन्यांनी एकदा जनगणना, १४ दिवसांच्या अंतराने दोन संदेश, उत्तर नसेल तर नाव अनिवासी यादीत. गणपूर्तीत ते धरायचं नाही, नागरिकत्व काढायचं नाही. परत आला तर 'मी आलोय' एवढा एक संदेश पुरे, फॉर्म पुन्हा भरायला लावू नका. मतदानाचा हक्क मात्र नव्या माणसासारखाच, पुढची यादी बंद होण्याआधी आला असेल तर.