पोट्सडामची उंच पलटण: राजाचा छंद की माणसांची शिकार? (गोदाकाठ, तोफखाना आणि सांजवात या तिघांची चर्चा)

गोदाकाठ
प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रीड्रिख विल्हेल्म पहिला (राज्यकाळ १७१३ ते १७४०) याच्या बर्लिनजवळच्या पोट्सडाममधल्या उंच शिपायांची गोष्ट नेहमी हसत हसत सांगितली जाते. पलटणीत शिरायला किमान उंची साधारण १८८ सेंटिमीटर. डोक्यावर वर निमुळती होत जाणारी टोपी, म्हणजे आधीच उंच असलेला माणूस आणखी उंच दिसायचा. आजारी पडला की राजा त्यांना आपल्या खोलीतून संचलन करायला लावायचा, असं सांगतात.

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जेम्स कर्कलंड हा सुमारे २.१७ मीटर उंचीचा आयरिश माणूस. लंडनमधल्या प्रशियन राजदूताने त्याला नोकर म्हणून ठेवलं आणि फसवून जहाजावर चढवलं. या एका माणसापायी १,२०० पौंडांहून जास्त खर्च झाला. राजाचे भरती करणारे हस्तक युरोपभर उंच माणसं हेरत फिरत होते. पैशाला वश झाला नाही त्याला उचलून न्यायचे. याला छंद म्हणायचं?

तोफखाना
अपहरणं झाली, मान्य. पण त्याच राजाचं बाकीचं काम बघा. बापाने १७०१ मध्ये स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि दरबारी थाटावर पैसा उधळला. मुलाने गादीवर येताच तो थाट कापून काढला. सुमारे ४० हजारांचं सैन्य ८० हजारांवर नेलं आणि मरताना ८० लाख थालर (त्या काळचं चांदीचं नाणं) शिल्लक ठेवले. एवढ्या काटकसरी माणसाची ही एकच हौस होती. शिवाय उंच माणसाला लांब नळीच्या बंदुकीत पुढून, नळीच्या तोंडातून, दारू-गोळी ठासायला सोपं जातं, हा फायदा होताच.

सांजवात
ठासणीचा मुद्दा पटत नाही. तो फायदा खरा असता तर फ्रीड्रिख दुसऱ्याने, म्हणजे त्याच्याच मुलाने, पलटण ठेवली असती. त्याच्याइतकी लढाईची जाण त्या काळात किती राजांना होती? १७४० मध्ये सत्तेवर येताच त्याने ती मोडली, एकच बटालियन राखली आणि बाकीची माणसं इतर पलटणींत वाटली. प्रशियाच्या पायदळाला गोळीबाराचा वेग मिळाला तो कवायतीमुळे आणि लोखंडी ठासणीच्या गजामुळे. त्यात उंचीचा काय संबंध?

आणि अंबर रूमचं काय? १७१६ मध्ये राजाने अंबरच्या, म्हणजे झाडाच्या राळेपासून बनलेल्या पिवळसर खड्याच्या, नक्षीच्या भिंतींचं ते दालन रशियाचा झार पीटर द ग्रेट याला भेट दिलं. परतभेट म्हणून रशियाहून ५५ उंच शिपाई आले. भिंतींच्या मोबदल्यात माणसं! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

तोफखाना
भेटीत माणसं देणं आज भयानक वाटतं, वाटायलाच हवं. पण त्या काळात राजे आपल्या पलटणी भाड्याने देत होते. एकट्या याच्यावर ठपका का? या शिपायांना उंचीप्रमाणे वाढीव पगार मिळायचा. गरीब घरचे काहीजण आपणहून आले असणारच.

गोदाकाठ
आपणहून आलेल्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण पगार बरा असूनही माणसं पळून जात होती आणि पकडल्यावर जबर शिक्षा भोगत होती. आणि "त्या काळात चालायचं" म्हणता, तर त्या काळच्या शेजाऱ्यांना तरी ते कुठे चाललं? प्रशियाच्या भरतीवाल्यांवरूनच १७२९ मध्ये हॅनोव्हर या शेजारच्या जर्मन राज्याशी युद्धाची वेळ आली होती.

तोफखाना
हॅनोव्हरचा मुद्दा बिनतोड आहे. "एकट्या याच्यावर का" हे मी मागे घेतो. तरीही एक सांगतो. या राजाने आयुष्यभर सैन्य जमवलं, पण युद्धात फार कमी उतरवलं. या उंच शिपायांना तर तो जिवापाड जपत होता. मुलाने पलटण मोडली आणि त्याच वर्षी डिसेंबरात, बापाने साठवलेल्या पैशावर आणि सैन्यावर ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सिलेशिया प्रांतात घुसला. त्या लढायांत किती मेले? तरी इतिहासात विक्षिप्त ठरला तो बाप आणि 'महान' म्हटला गेला तो मुलगा. मला हेच खटकतं.

सांजवात
मुलाला महान मीही म्हणत नाही. पण बापाने युद्ध टाळलं म्हणून त्याला मोठं का करता? जपत होता म्हणता, ते संग्रहातली वस्तू जपावी तसं. कर्कलंड लंडनहून निघाला तेव्हा पोट्सडामला शिपाई व्हायला निघाला नव्हता.