मदत हवी आहे: परग्रहवाल्यांशी लढायला नववी-दहावीचीच पोरं का पाठवतील? (सोलापूर, किशोर कादंबरी)

हिप्परगा_काठ:

नमस्कार मंडळी. तेरा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी एक विज्ञानकादंबरी लिहायला घेतली आहे आणि ती मुळातच अडली आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सूत्रं-बित्रं निभावून नेईन. अडचण वेगळी आहे.

उन्हाळ्यात हिप्परग्याचा तलाव आटलेला असताना तळाच्या भेगाळलेल्या गाळात काहीतरी उतरतं. सैन्य वेढा घालतं, शहरात जमावबंदी लागते. काही दिवसांतच शहरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सक्तीने नेऊन त्या वस्तूसमोर उभं केलं जातं. मुख्य पात्रं तीन. पूर्व भागातला व्यंकटेश, ज्याच्या घरी खाली माग आणि वर बिऱ्हाड. नई जिंदगी भागातली तबस्सुम. आणि जुळे सोलापूर या भागातली सायली, जिचे वडील बँकेत आहेत.

पहिली दोन प्रकरणं वर्गातल्या मुलांना वाचायला दिली. सगळ्यांचा एकच प्रश्न: "मॅडम, मग मिल्ट्री काय करायलीय?"

खरंच, काय करायलीय? अशा गोष्टींत ठरलेली उत्तरं असतात. मुलांचे हात व्हिडिओ गेम खेळून चपळ झालेले असतात, असं एक. पण ड्रोन चालवायला लष्कराला विशीतली हजारो पोरं मिळतील, शाळेपर्यंत यायची गरज काय? दुसरं भविष्यवाणीचं, ते विज्ञानकथेत मला नको. तिसऱ्यात मोठी माणसं सगळी मेलेली असतात. मग सक्ती करणार कोण? मला ती सक्ती हवीच आहे, आणि आपल्याच माणसांनी केलेली हवी आहे.

आणखी दोन शंका. सध्याच्या मसुद्यात ते उजनीच्या पाण्यासाठी आले आहेत, हे चालेल का? आणि पोलिसांची गाडी गल्लीत येते नि पोरं उचलून नेते असं लिहिलंय, ते वाचताना खोटं वाटतं. प्रत्यक्षात कसं होईल?

शेंगाचटणी:

पाण्यासाठी परग्रहवाले सोलापुरात? ओ ताई, आधी आम्हाला तरी येऊ द्या की पाणी. आमच्याकडे नळाला पाणी यायच्या दिवशी आक्रमण झालं ना, तर आमची आई पिंप भरूनच पळणार. हे एवढं वाक्य मात्र घ्या कादंबरीत, फुकट दिलं.

मृग_नक्षत्र:

पाण्याचं कारण काढूनच टाका. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने तेवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. एवढा पल्ला गाठणाऱ्यांना पाणी हवं असेल तर वाटेत गुरूचा चंद्र युरोपा आहे. त्याच्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांपेक्षा जास्त पाणी असावं असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि तिथे राखणीला कुणी नाही. गुलाम म्हणून माणसं पकडायला आले हेही तितकंच पोकळ. माझं मत विचाराल तर ते का आले हे सांगूच नका. चौदा वर्षांच्या पोराला वेढ्यात उभं करणारे त्याला कारण थोडंच सांगणार आहेत? त्याला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळू दे.

धोटा:

मी पूर्व भागातलाच. व्यंकटेशचं घर वाचून हसू आलं, आमचंच घर हाय ते. खाली चार माग, वर आम्ही.

पोरंच का, यावर एक सुचतंय. आमच्या वडिलांना कुकरची शिट्टी ऐकू येती पण मोबाईलची बारीक रिंग येत नाही. जन्म मागावर गेला. माझ्या पोरीला मात्र मोबाईलच्या चार्जरमधनं येणारी किणकिण पण ऐकू येती, मला ते खरंच वाटत नव्हतं. तर तुमच्या त्या वस्तूचा आवाज फक्त पोरांनाच ऐकू येतोय असं केलं तर?

हिप्परगा_काठ:

धोटा दादा, हे भारी आहे! पण शास्त्राला धरून आहे का? कानाचं कळणारं कुणी आहे का इथे?

कानोसा:

आहे. श्रवणतपासणी हेच माझं काम.

धोटा यांचं अगदी बरोबर. माणसाच्या कानाची कमाल मर्यादा २० हजार हर्ट्झ सांगतात, पण ती लहानपणीची. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात. सगळ्यात उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी आतल्या कानाच्या तोंडाशीच असतात आणि वयाबरोबर आधी त्याच जातात. गेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. सतरा हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज पंधरा वर्षांच्या मुलाला साधारणपणे येतो, पंचविशी-तिशीपुढच्या बहुतेकांना येत नाही. यावर एक यंत्रही निघालंय. २००५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये दुकानांबाहेर घोळके करणाऱ्या पोरांना पळवायला असा आवाज सोडणारा डबा बसवायला लागले. पोरांनी काय केलं, तर तोच आवाज मोबाईलची रिंगटोन म्हणून घेतला, म्हणजे वर्गात वाजला तरी सरांना पत्ता नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना हा किस्सा सांगू नका.

आता सोलापूरचं. आठ तासांच्या पाळीला आवाज ८५ डेसिबलच्या आत असावा असं साधारण मानतात. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये तो सहज ९५ च्या वर असतो. त्याने आधी मार बसतो चार हजार हर्ट्झच्या पट्ट्याला, पण खालीवरही पसरतो. म्हणजे ज्या घरात खाली माग आणि वर पाळणा, तिथल्या पोराचा कान पंधराव्या वर्षीही कोरा नसण्याची शक्यता आहे. तुमच्या तिघांत सायली पास होईल, तबस्सुम बहुधा होईल, व्यंकटेश नापास होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट गोष्टीच्या कामाची. इतक्या उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. शंभर मीटरवर त्याची ताकद पार उतरलेली असते. म्हणजे बंधाऱ्यावर खुर्च्या टाकून ऐकता येणार नाही, पोरांना गाळात उतरून जवळ जावं लागेल. तुमची लढाई इथे सुरू होते.

जरा_थांबा:

सगळे खुश झालेत म्हणून नाइलाजाने लिहितो. साधा मोबाईल आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो, म्हणजे त्याच्या निम्म्यापर्यंतचा, २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात बसतो. सैन्य पहिल्याच दिवशी माईक लावेल, आवाज चार पट्ट्या खाली आणून कर्नलसाहेबांना ऐकवेल. पोरांची गरज संपली. आता "त्या वस्तूजवळ सगळी यंत्रं बंद पडतात" असं लिहू नका, ती पळवाट शेंबडं पोरही ओळखतं.

हिप्परगा_काठ:

बरोबर आहे तुमचं, आणि नेमकं मीच परवा वर्गात नमुने घेण्याचा तो भाग शिकवलाय. मग आता? कल्पना सोडवत नाहीये हो.

होम_मैदान:

सोडू नका. जरा_थांबा यांची हरकत तुमच्या गोष्टीच्या आड येत नाही, उलट तीच तुमची गोष्ट आहे.

पहिल्या रात्री माईक नव्हते, म्हणून पोरं नेली. आठवड्याने माईक आले. पोरांना घरी का सोडलं नाही? हा प्रश्न कादंबरीच्या मध्यावर सायलीने विचारायचा. छावणी उभी राहिली, तिचा खर्च मंजूर झाला, हजेरीपट छापले गेले, त्यावर माणसं नेमली गेली. आणि गाळात महागडा माईक बुडाला तर चौकशी लागते. पोरगं बुडालं तर नुकसानभरपाई ठरलेली असते.

मी सत्तरीचा आहे, सोलापुरातच वाढलो. आमच्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा करून माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, आणि इथे तारेच्या कुंपणात वसाहत केली. आत-बाहेर करायला परवानगी, दिवसाची हजेरी. कुंपणात मूल जन्मलं की तेही हजेरीपटावर. आणि हीच माणसं गिरण्यांत कामाला. स्वातंत्र्य ४७ साली आलं, कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मधली पाच वर्षं ते कुंपण कुणाच्या कामाचं होतं? तुमच्या छावणीचा नमुना परग्रहावर शोधायला जाऊ नका, तो रेल्वे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

आणि जमावबंदी लिहिताना १९३० विसरू नका. मे महिन्यात या गावात मार्शल लॉ लागला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. तुमच्या पोरांची रोजची वाट त्यांच्या पुतळ्यांवरून जाते. एखादा म्हातारा हे बोलून दाखवील, भाषण मात्र नको.

शेंगाचटणी:

आजोबा, नमस्कार तुम्हाला. मी चेष्टा करत बसलो होतो.

आवक_जावक:

मी सरकारी कचेरीत आहे, जास्त विचारू नका. पोलिसांची गाडी खोटी वाटते, कारण ती येणारच नाही. परिपत्रक येईल.

बघा. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांची सक्तीने सैन्यभरती करता येत नाही, आणि भारताने तो मान्य केलाय. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांना हाती धरणाऱ्या सशस्त्र टोळ्यांना शिक्षा आहे. म्हणून कागदावर "भरती", "सैनिक", "लढाई" यातला एकही शब्द असणार नाही. "श्रवण सहाय्यक विद्यार्थी उपक्रम" असेल. आधार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा, तो करोनात सगळ्यांनी पाहिलाय, मास्तरांना नाक्यावर उभं केलं होतं. विषय, संदर्भ, मग "उपरोक्त विषयास अनुसरून". प्रत्येक शाळेने इयत्ता ८ वी ते १० वीच्या विद्यार्थ्यांची श्रवणतपासणी करून यादी सात दिवसांत विहित नमुन्यात सादर करावी. सोबत पालकांचं संमतीपत्र. आणि खाली एक ओळ: सहभागी विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण देण्याची बाब विचाराधीन आहे.

ताई, जुळे सोलापुरातल्या निम्म्या पालकांची सही दुसऱ्या दिवशी येईल. काही जण क्लासच्या मास्तरांकडे श्रवणतपासणीची तयारी करून घेतील. तबस्सुमच्या घरी सही करणार नाहीत. त्यांना कुणी धमकावणारही नाही, फक्त रेशनकार्डातली चूक दुरुस्त व्हायची राहून जाईल.

हिप्परगा_काठ:

आवक_जावक, हे वाचून खुर्चीतून उठले. गाडीचा प्रसंग काढला, शाळेत तपासणीच्या रांगेपासून सुरुवात करते. मास्तरीणबाई यादी भरतात, म्हणजे ते काम माझ्यासारखीच कुणीतरी करते. ते लिहायला जड जाणार आहे, पण लिहीन.

आता उरला व्यंकटेश. तपासणीत नापास झाला म्हणजे सुटला, आणि माझं मुख्य पात्रच गोष्टीबाहेर गेलं. त्याने खोटं सांगून आत यावं असं वाटत नाही, बाकीचे सुटायला धडपडत असताना हा आत का येईल?

धोटा:

तो आत येणार नाही, त्याला बोलवून नेतील.

मागाच्या शेडमध्ये बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमचे लोक ओठ वाचतात आणि हातानं बोलतात. वडील अजून जेवताना पण हातानंच मीठ मागतात. दोन बोटं कात्रीगत हलवली की धागा तुटला. मनगट पिळून दाखवलं की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला बोलव. अंगठा ओठाला, चहा. कॉलर चिमटीत धरली की मालक आलाय, गप्प काम करा. हे आमच्या शेडचं, दुसऱ्या शेडमध्ये दुसरं असंल. शेडमध्ये तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, सगळ्यांना हातानं एकच भाषा.

ते गाळातलं जे हाय ते पोरांचा आवाज ऐकतंय असं करा. मग तिथं तोंड उघडायचं नाही. सायलीला ऐकू येतंय पण सांगता येत नाही, व्यंकटेशला ऐकू येत नाही पण सांगता येतंय. मिल्ट्रीकडं त्यांच्या खुणा असतील, पण त्या साहेब लोकांना पण कळतात. ह्या खुणा फक्त पोरांना.

जरा_थांबा:

याला माझी हरकत नाही. एक मात्र बघा, कॉलरची खूण पोरं कुणासाठी वापरतील ते आधी ठरवा. गाळातल्यासाठी, की बंधाऱ्यावर उभ्या असलेल्यांसाठी?

कानोसा:

आणि तपासणीच्या प्रसंगात एक चूक टाळा. नेहमीची श्रवणतपासणी ८ हजार हर्ट्झपर्यंतच असते. सतरा हजारासाठी वेगळे हेडफोन नि वेगळं यंत्र लागतं. शाळेत ते यंत्र आधीपासून होतं असं दाखवलंत तर वाचक विचारील की हे कुणी आणि कधी मागवलं. मुद्दाम दाखवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

हिप्परगा_काठ:

मुद्दामच दाखवते. आवक_जावक, अशा खरेदीच्या कागदावर तारीख कुठे असते? तबस्सुमला ती दिसायला हवी, आणि ती तारीख वस्तू उतरण्याच्या आधीची हवी.

आवक_जावक:

खोक्यावर चिकटवलेल्या पावतीवर. पुरवठा आदेशाचा क्रमांक आणि दिनांक दोन्ही असतात, आणि ती फाडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

हिप्परगा_काठ:

धोटा दादा, खुणा बघायला एकदा शेडमध्ये आले तर चालेल का? दोन-तीन विद्यार्थीही सोबत असतील.

धोटा:

या की. पाळी बदलायच्या वेळी या, तेव्हा सगळे भेटतील. पोरांच्या कानाला कापूस नको, चांगले बोळे मिळतात मेडिकलमध्ये, ते आणा. वडिलांना सांगून ठेवतो, त्यांच्यासमोर उभं राहून बोला म्हणजे झालं.