फ्रूटी रेड वाईन नेमकी कुठल्या द्राक्षाची?

नवखा_प्याला:
मंडळी मदत करा. आत्तापर्यंत रेड म्हणून जे काही प्यायलो ते बहुतेक कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचं होतं आणि दर वेळी तोंड असं कोरडं पडतं की विसरून उकळत राहिलेला चहा प्यायल्यासारखं वाटतं. मग परवा एका मित्राकडे हलक्या लाल रंगाची वाईन मिळाली, स्ट्रॉबेरी-चेरीचा मस्त वास, तुरटपणा जवळजवळ नाहीच, पण बाटली बघायची राहिली आणि मित्राला आता काही आठवत नाहीये. अशी वाईन कुठल्या द्राक्षाची असते? त्यात साखर घालतात का? आणि (हसू नका) खरोखरची स्ट्रॉबेरी घालतात का?

घड_आणि_देठ:
स्ट्रॉबेरी नाही घालत :) वास द्राक्षातनं आणि यीस्टच्या कामातनं येतो. आणि फ्रूटी म्हणजे गोड नव्हे, हा घोळ सगळ्यांचाच होतो. नाकाला फळ लागलं की डोकं गोड समजतं, पण साखर बहुतेक सगळी यीस्टने खाऊन टाकलेली असते. काही थंड भागांत आंबवण्याआधी रसात साखर घालतात हे खरं, पण ती अल्कोहोल वाढवायला, तिचीही दारूच होते.

तुझ्या वर्णनावरून माझा पहिला अंदाज गामे. फ्रान्सच्या बोजोले भागातलं द्राक्ष, साल पातळ, टॅनिन (साल-बीमधला तोंड कोरडं करणारा तुरट घटक) कमी. १३९५ मध्ये बरगंडीच्या ड्यूकने, फिलिप द बोल्डने, याला बेइमान ठरवून मळ्यांतून उपटून टाकायचा हुकूम काढला होता, कारण त्याला पिनो न्वार हेच द्राक्ष हवं होतं. पण गंमत द्राक्षापेक्षा करण्याच्या पद्धतीत जास्त आहे. नेहमी द्राक्षं चेचून सालीसकट आंबवतात, इथे मात्र अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात, मग चेचायच्या आधीच मण्याच्या आतल्या आत आंबायला सुरुवात होते. सालीतला रंग येतो पण तुरटपणा फारसा उतरत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जी बोजोले नूवो बाजारात येते तिला तर कधीकधी चक्क केळ्याचा वास येतो, तो आयसोअमाइल ॲसिटेट या रसायनाचा, आणि ते पिकलेल्या केळ्यातही असतं.

पिकलेला_मनुका:
गामे ठीक आहे पण सगळे तिथेच का थांबतात कळत नाही. झिनफँडल बघा की! जॅमसारखी, ब्लॅकबेरी, वर थोडी मिरी. एकाच घडात काही मणी हिरवे तर काही सुकून मनुका झालेले असतात, त्यामुळे साखर भरपूर आणि अल्कोहोल १५ टक्क्यांपर्यंत सहज जातं, तेव्हा फळाच्या नादात जपून. कॅलिफोर्नियावाले याला आपलं म्हणत होते, मग डीएनए तपासणीत इटलीचं प्रिमितिवो म्हणजे हेच निघालं आणि २००१ मध्ये मूळ क्रोएशियात सापडलं, तिथलं नाव च्र्ल्येनाक काश्तेलान्स्की (एका दमात म्हणून दाखवा).

घड_आणि_देठ:
मान्य, पण ते म्हणाले हलका लाल रंग. झिनफँडल त्यात नाही बसत.

पिकलेला_मनुका:
बरं हरलो. मग पिनो न्वार किंवा हलकी ग्रेनाश धरा. ग्रेनाशलाही स्ट्रॉबेरी असते, टॅनिन बेताचं, फक्त दारू चढी.

नवखा_प्याला:
भारी माहिती. पण कॅबर्नेमध्ये मग फळ नसतंच का? आणि दुकानात गामे लिहिलेली बाटली दिसलीच नाही मला.

तळातला_गाळ:
असतं ना, काळ्या करंटचं असतं. पण साल जाड, बी मोठी, गर कमी, म्हणून टॅनिन जास्त, आणि द्राक्ष नीट पिकलं नसेल तर हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पुढे येतो. वर नवीन ओकच्या पिंपात ठेवली की व्हॅनिला आणि भाजल्याचा वास फळावर बसतो. म्हणून जातीइतकंच पिंप वापरलंय का तेही विचारा, स्टीलच्या टाकीतली तरुण मर्लो सुद्धा तुम्हाला आवडून जाईल.

गामे शोधू नका, लेबलवर बोजोले लिहिलेलं असतं, किंवा फ्लरी, मॉर्गों अशी गावांची नावं. तिथे द्राक्षाचं नाव टाकायची फारशी पद्धत नाही. आणि १२-१३ डिग्रीला थोडी गार करून प्या, कोमट झाली की दारूच पुढे येते आणि फळ हरवतं.

नवखा_प्याला:
अरे!! मित्राने फ्रीजमधूनच काढली होती ती, मला वाटलं चुकून ठेवली असेल. मॉर्गों असं काहीतरी होतं बहुतेक, त्याला विचारून सांगतो.