नववीच्या पोरांना गावातली मोठी माणसं जोडून द्यावीत का? (चर्चा धागा)

तापीकाठ
प्रस्ताव साधा आहे, झोडपायचा तर झोडपा. आपल्या जळगावकडच्या खेड्यातल्या हायस्कुलात नववीच्या पोरांना गावातलीच मोठी माणसं जोडून द्यायची, शिकवायला नाही, बोलायला, म्हणजे पोरगं शाळेतून गळणार नाही. निवृत्त पोस्टमन, एसटीचा वाहक, कृषी केंद्रवाला, अंगणवाडीताई, बँकेतल्या मॅडम, कुणीही चालेल. एका माणसामागे तीन पोरं. चार नकोत, कारण चार झाली की दोघं आपसात बोलतात आणि एक नुसता बसून राहतो. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास, ४० मिनिटं, वर्षभर तीच जोडी.

दहावी नको, नववीच. दहावीचं पोरगं जादा तासांत अडकलेलं असतं. दांड्या नववीत सुरू होतात, आणि त्याही दसऱ्याच्या पुढे, कापूस फुटला की. तीन शनिवार सलग रिकामं दिसलेलं नाव हाच खरा इशारा.

पहिल्या भेटीत "अभ्यास कसा चाललाय?" विचारलं की "चांगला" एवढं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा "काल शाळा सुटल्यापासून जेवेपर्यंत काय काय केलं, क्रमाने सांग" म्हणा. गुरं, पाणी, धाकटी बहीण, मोबाईल, सगळं आपोआप बाहेर येतं. आणि अहिराणीत बोला. "घरमा कोन कोन शे?" ने जे पोर उघडतं ते "कुटुंबात कोण कोण आहे?" ने उघडत नाही.

खडूडस्टर
विरोध. दोन कारणं, पहिलं मोठं.

जूनमध्ये हौसेने येणारे दिवाळीनंतर टिकत नाहीत. वेचणी त्यांच्याही शेतात असते, मग लग्नसराई. पोराला ऑगस्टपर्यंत कुठे विश्वास वाटू लागतो आणि नोव्हेंबरात माणूस गायब. कुणी आलंच नसतं तर बरं होतं, अशी गत होते. शिक्षकाची बदली झाली तर पोर समजून घेतं, स्वतःहून आलेला माणूस सोडून गेला की ते स्वतःला दोष देतं.

दुसरं, ही मंडळी हमखास शिकवायला लागतात. १० − (४ − ७) घ्या. "कंसाआधी वजा असला की चिन्ह बदलायचं" एवढंच सांगून मोकळे होतात. पोर फक्त ४ चं चिन्ह बदलतं, ७ ची वजाबाकी तशीच ठेवतं आणि उत्तर −१ काढतं. खरं उत्तर १३. वर्गात आम्ही कंसातल्या प्रत्येक पदाला −१ ने गुणायला शिकवतो, तेव्हा कुठे ते बसतं. त्यावर वरून हा शॉर्टकट पडला की आमचे पुढचे चार तास पोरांच्या डोक्यातून तो काढण्यात जातात.

केळीपट्टा
शिकवणीवर बंदी असावी, मान्य. पण तुम्ही दोघंही सुरक्षेबद्दल एक शब्द बोलला नाहीत. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या २०२४ च्या प्रकरणानंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाबद्दल पालक विचारणारच. चारित्र्य पडताळणीचा पोलिसांचा दाखला आधी, ओळख नंतर. केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर (२०२१ पासून) स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं, पण नोंदणी म्हणजे चौकशी नव्हे.

बसायचं वऱ्हांड्यात, दोन बाकं समोरासमोर, मुख्याध्यापकांच्या खिडकीतून दिसेल असं. बंद वर्ग नाही, शाळेबाहेर भेट नाही, मोटारसायकलवर घरी सोडणं तर नाहीच, मग पाऊस असो. मुलीशी एकट्याने बोलायची वेळ आली तर शिक्षिका शेजारच्या बाकावर. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही द्यायचं नाही. पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, २०१२) अत्याचाराची माहिती कळली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. वचन दिलं की मोडावं लागतं.

सातपुडा
तुमचा सगळा हिशोब जळगावचा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. "तीन शनिवार गैरहजर" हा इशारा तिथे कामाचा नाही, तोवर पोर निघून गेलेलं असतं. तिथे विचारायची वेळ सप्टेंबर: यंदा घरातून कोण जाणार, आजी मागे राहणार का, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का. पाहुण्याची अहिराणीही तिथे उपयोगी नाही, पावरी किंवा भिलोरी हवी. गावातला माणूस म्हणता, पण खालच्या गावातला माणूस वर पाड्यात परकाच.

तापीकाठ
खडूडस्टर, माणसं मध्येच गळतात हे बरोबर आहे, वर्षभराचा हट्ट सोडतो. जुलै ते सप्टेंबर दहा शनिवार, मग उघड निरोप. जानेवारीत पुन्हा सहा. सुटी आधीच जाहीर असली की गायब होणं म्हणजे सोडून जाणं राहत नाही. सातपुडा, सप्टेंबरचं पटलं. पाड्यासाठी पाड्यातलाच माणूस धरला पाहिजे.

नोंदवही मात्र लागेल. तारीख, कोण हजर, पोराने स्वतः बोललेली एक गोष्ट, पुढच्या वेळी काय विचारायचं. चारच रकाने. "मार्गदर्शन केले" असं लिहिलं की ते पान वाया गेलं समजा. आणि वही शाळेतच राहील, घरी नेलेली वही गावभर वाचली जाते.

एसटीस्टँड
मला वाटतं तुम्ही चुकीच्या जागी भांडताय. गप्पा ठीक, पण माणूस कामाला येतो तो कागदांच्या वेळी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. १ ते १० पसंती भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. पोरं काय करतात? मित्राने टाकलं म्हणून शहरातलं नावाजलेलं कॉलेज एक नंबरला टाकतात. नंबर लागला की बसचा पास, राहायची खोली, सगळा हिशोब तेव्हा सुरू होतो आणि घरचे नाही म्हणतात. बस सकाळी किती वाजता निघते, परत किती वाजता येते, हे कागदावर लिहून मगच पसंती भरावी. ते वाहकाला माहीत असतं, सरांना नसतं.

दुसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव. आईच्या नावात एक अनुस्वार इकडचा तिकडे असला तरी पुढे दाखल्याला अडतं, आणि शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार किचकट. नववीतच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नका, जूनमध्ये सेतूपुढे रांग असते.

खडूडस्टर
एसटीस्टँड, याला माझा विरोध नाही. पण हे शाळेचं काम आहे, लिपिकाचं. लिपिकाची जागा रिकामी आहे म्हणून वाहकाला बोलवायचं, आणि मग वर कळवायचं की शाळा छान चालली आहे. जागा भरायची मागणी कोण करणार?

एसटीस्टँड
मागणी करा की. पण जागा भरेपर्यंत यंदाची पोरं दहावी होऊन जातील.

खडूडस्टर
बरं, समजा मान्य. ४० मिनिटं कुठून काढणार ते सांगा. शनिवारचा शेवटचा तास खेळाचा असला आणि तोच घेतला तर पोरं त्या माणसाला पहिल्याच दिवशी वैरी समजतील. गणिताचा असला तर मी देणार नाही.

केळीपट्टा
चित्रकलेचाही नको. आठवड्यातून तेवढाच तर असतो.